निर्यातीच्या कागदावर बहिष्काराची अट आली, तर काय करावे

अमेरिकेतून माल पाठवणाऱ्या कंपनीच्या निर्यात विभागात परराष्ट्र धोरणाची चर्चा सहसा होत नाही. तेथे एलसीची (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे ग्राहकाच्या बँकेने पैसे देण्याविषयी दिलेल्या हमीपत्राची) मुदत, कंटेनरचे बुकिंग आणि इन्व्हॉइसच्या प्रती यांचीच घाई असते. मात्र परदेशी ग्राहकाच्या परचेस ऑर्डरच्या शेवटच्या पानावर, छापील अटींच्या गर्दीत, 'या मालात इस्रायली बनावटीचा कोणताही भाग नाही असे पुरवठादाराने प्रमाणित करावे' अशी एक ओळ असते आणि तेथपासून त्या कागदाला अमेरिकेचे बहिष्कारविरोधी नियम लागू होतात. मित्रराष्ट्रांविरुद्ध परदेशी सरकारांनी पुकारलेल्या व्यापारी बहिष्काराला अमेरिकी व्यक्ती आणि कंपन्यांनी हातभार लावू नये, हे धोरण अमेरिकेने १९६५ साली निर्यात नियंत्रण कायद्यात दुरुस्ती करून प्रथम लिहून ठेवले. त्या वेळी भर मुख्यतः अशा विनंत्यांची सरकारला माहिती देण्यावर होता. जून १९७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या सहीने त्यात स्पष्ट मनाई आली, आणि आज हीच तरतूद २०१८ च्या बहिष्कारविरोधी कायद्याच्या आधारे चालते. तिचे तपशील निर्यात प्रशासन नियमांच्या भाग ७६० मध्ये आहेत आणि अंमलबजावणी वाणिज्य खात्याच्या ब्युरो ऑफ इंडस्ट्री अँड सिक्युरिटीमधील बहिष्कारविरोधी अनुपालन कार्यालय पाहते.

हे मार्गदर्शन अशा कंपनीत कागद तपासणाऱ्या माणसासाठी आहे. त्याने एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करावी. अट नाकारणे हे एक काम आहे आणि अट आल्याचे सरकारला कळवणे हे दुसरे. पहिले केले म्हणून दुसऱ्यातून सुटका होत नाही. कंपन्या अडचणीत येतात त्या बहुधा दुसऱ्या कामात.

थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे, कारण तिच्याशिवाय नियमांतील काही भेद विचित्र वाटतात. अरब लीगने डिसेंबर १९४५ मध्ये पॅलेस्टाइनमधील ज्यू उत्पादनांवर बहिष्कार जाहीर केला. इस्रायलच्या स्थापनेनंतर तो त्या देशाविरुद्ध चालू राहिला आणि दमास्कस येथे त्याचे मध्यवर्ती कार्यालय उभे राहिले. या बहिष्काराचे तीन पदर आहेत. पहिल्यात बहिष्कार घालणारा देश स्वतः इस्रायलशी व्यापार करत नाही. दुसऱ्यात इस्रायलशी विशिष्ट प्रकारचे व्यवहार करणाऱ्या तिसऱ्या देशातील कंपन्यांना काळ्या यादीत घातले जाते. तिसऱ्यात काळ्या यादीतील कंपन्यांशी व्यवहार करणाऱ्यांवरही बंधन येते. आपल्या बंदरात कोणाचा माल येऊ द्यावा हे प्रत्येक देश ठरवू शकतो, हे अमेरिकी कायदा बऱ्याच अंशी मान्य करतो. अमेरिकेतील एका कंपनीला अमेरिकेतीलच दुसऱ्या कंपनीविरुद्ध उभे करणारे दुसरे आणि तिसरे पदर मात्र त्याला मान्य नाहीत, आणि नियमांची सारी बारीक वीण त्याभोवती आहे.

इजिप्त व जॉर्डन यांनी शांतता करारांनंतर बहिष्कार सोडला. आखाती सहकार्य परिषदेच्या देशांनी १९९४ मध्ये दुसरा व तिसरा पदर लागू न करण्याचे जाहीर केले, आणि संयुक्त अरब अमिरातीने २०२० मध्ये आपला १९७२ चा बहिष्कार कायदाच रद्द केला. तरीही विनंत्या थांबलेल्या नाहीत. त्यांतील पुष्कळशा कोणाच्या द्वेषातून येत नाहीत, तर वर्षानुवर्षे न बदललेल्या छापील नमुन्यांतून येतात, असे माझे मत आहे. परंतु ओळीचा मजकूर उघडपणे बहिष्काराचा असेल, तर 'त्यांचा जुना नमुना होता' एवढ्यावर आपली जबाबदारी संपत नाही. शिवाय नियम केवळ अरब बहिष्कारापुरते नाहीत. अमेरिकेशी मैत्री असलेल्या कोणत्याही देशाविरुद्ध परदेशी सरकारने पुकारलेला, अमेरिकेने न स्वीकारलेला बहिष्कार त्यांत येतो. अमेरिकेचे स्वतःचे निर्बंध यात मोडत नाहीत. एखाद्या ग्राहकाने स्वतःच्या मनाने एखादी वस्तू न घेणे, हाही या नियमांचा विषय नाही.

आपण नियमांच्या कक्षेत येतो का, हे आधी ठरवावे

नियम 'अमेरिकी व्यक्ती'ला लागू होतात. यात अमेरिकेतील रहिवासी आणि नागरिक, तेथील कंपन्या, परदेशी कंपन्यांच्या अमेरिकेतील शाखा आणि अमेरिकी कंपनीच्या प्रत्यक्ष नियंत्रणाखालील परदेशी उपकंपन्या येतात. निम्म्याहून अधिक मतदानाचे समभाग अमेरिकी कंपनीकडे असले, तर नियंत्रण गृहीत धरले जाते. पंचवीस टक्के किंवा त्याहून अधिक समभाग असून दुसऱ्या कोणाकडेही तेवढे वा त्याहून जास्त नसले, तरीही तसेच धरले जाते. संचालक मंडळातील बहुसंख्य जागा नेमण्याचा अधिकार असणे हीदेखील तशीच खूण आहे. त्यानंतर व्यवहाराचा अमेरिकेच्या आंतरराज्य किंवा परदेशी व्यापाराशी संबंध आहे का, हे पाहावे लागते. उपकंपनीने अमेरिकेतून आणलेला माल पुढे पाठवला, तर तो संबंध बहुधा असतो. 'आम्ही परदेशात नोंदलेली कंपनी आहोत' हे उत्तर त्यामुळे पुरत नाही. २०२३ मध्ये अमिरातीतील एका अमेरिकी उपकंपनीने २,८३,५०० डॉलर दंड भरला. तिच्यावर ठेवलेले ८४ आरोप पाकिस्तानातील ग्राहकाकडून आलेल्या विनंत्या वेळेत न कळवल्याचे होते. त्या प्रकरणात माल कोणाला नाकारला गेला वा कोणावर भेदभाव झाला, असा मुद्दाच नव्हता.

ओळ शोधणे

बहिष्काराची अट क्वचितच स्वतंत्र पत्रातून येते. ती निविदेच्या जोडपत्रात असते, पुरवठादार नोंदणीच्या प्रश्नावलीत असते, एलसीच्या 'अतिरिक्त अटी' या रकान्यात असते, शिपिंगच्या सूचनांत असते, ट्रेडमार्क नोंदणीच्या अर्जातही असते. ती तोंडी किंवा फोनवर आली तरी विनंतीच ठरते. व्यापारी प्रदर्शनात जागा घेताना भराव्या लागणाऱ्या अर्जातील अटी कोणी वाचत नाही, म्हणून तो कागदही तपासणीत घ्यावा. विक्री विभाग ऑर्डर स्वीकारतो, बँकेकडील कागद वित्त विभागाकडे येतात आणि जहाजाच्या सूचना फ्रेट फॉरवर्डरकडे, म्हणजे मालवाहतुकीची व्यवस्था करणाऱ्या एजंटाकडे, जातात. तपासणारा माणूस एकच असेल, तर या तिन्ही वाटा त्याच्या टेबलावरून जातील अशी व्यवस्था आधी लावावी लागते. संगणकावर 'इस्रायल', 'बहिष्कार', 'काळी यादी' हे शब्द सर्व भाषांतील पर्यायांसह शोधणे उपयोगी आहे, पण पुरेसे नाही. 'दमास्कस येथील कार्यालयाच्या नियमांचे पालन', 'सहा टोकांचे चिन्ह (म्हणजे इस्रायलच्या ध्वजावरील तारा) नसलेले वेष्टन' किंवा 'पात्र जहाज' अशा शब्दांत तीच गोष्ट येऊ शकते. बहिष्कार घालणाऱ्या देशांची यादी अमेरिकेचे वित्त खाते तिमाहीने प्रसिद्ध करते. कुवेत, लेबनॉन, लिबिया, कतार, सौदी अरेबिया, सीरिया, येमेन आणि इराक ही नावे त्या यादीत दीर्घकाळ राहिली आहेत. तेथून आलेला प्रत्येक कागद माणसाने डोळ्यांखालून घालावा. मार्च २०२४ पासून वाणिज्य खाते बहिष्काराच्या विनंत्या करणाऱ्या पक्षांची यादीही प्रसिद्ध करते. यादीत नाव आहे म्हणून त्या पक्षाशी व्यापार बंद करावा लागत नाही. त्याचा कागद अधिक सावधपणे वाचावा, एवढेच.

ओळ वाचणे

येथेच सर्वाधिक वेळ द्यावा. समजा, ह्यूस्टनमधील एक कंपनी कुवेतला पंप पाठवत आहे आणि एलसीमध्ये पाच अटी आहेत. माल अमेरिकी बनावटीचा असल्याचा दाखला द्यावा. माल इस्रायली बनावटीचा नसल्याचा दाखला द्यावा. जहाज इस्रायली ध्वजाचे नसावे आणि कुवेतला पोहोचण्यापूर्वी त्याने इस्रायली बंदरात थांबू नये. जहाज काळ्या यादीत नसल्याचे प्रमाणपत्र द्यावे. जहाज कुवेतच्या बंदरात प्रवेशास पात्र असल्याचे प्रमाणपत्र द्यावे. वरवर पाहता या पाचही अटींचा हेतू एकच दिसतो, पण कायदा त्यांना वेगवेगळी वागणूक देतो.

पहिली अट मान्य करता येते आणि ती कळवावीही लागत नाही, कारण मूळ देश होकारार्थी सांगणे ही व्यापारातील नेहमीची गोष्ट आहे. दुसरी अट मान्य करता येत नाही आणि कळवावी लागते. मालाचा मूळ देश, उत्पादक वा पुरवठादार यांची माहिती बहिष्कार घालणाऱ्या देशाच्या आयात कागदांत देता येते, पण ती होकारार्थी असावी लागते. अमुक देशाचा नाही, अमुक यादीतला नाही, असे लिहिता येत नाही. तिसरी अटही नकारार्थीच आहे, तरीही ती मान्य करता येते आणि कळवावी लागत नाही. याचे कारण असे की जहाज आणि मार्ग यांबाबतची नकारार्थी विधाने युद्धाचा धोका आणि जप्ती यांपासूनच्या खबरदारीची मानली जातात, आणि नियमांनी तेवढी मोकळीक जाणूनबुजून ठेवली आहे. चौथी अट काळ्या यादीचा उल्लेख करते. ती मान्य करता येत नाही आणि कळवावी लागते. पाचवी अट चौथीसारखीच वाटते, पण त्या बंदराच्या कायद्यांनुसार जहाज पात्र असल्याचा दाखला जहाजाचा मालक, कप्तान किंवा जहाज भाड्याने घेणारी कंपनी देऊ शकते आणि ही विनंती कळवावी लागत नाही. निर्यातदाराने मात्र तो स्वतःच्या सहीने देऊ नये. जहाज कंपनीकडून घेऊन जोडावा.

या दोन टोकांमध्ये तिसरा गट आहे आणि नवख्या माणसाचे पाय तेथेच घसरतात. 'इस्रायली मूळ असलेला माल स्वीकारला जाणार नाही' अशी सूचना परचेस ऑर्डरमध्ये असेल, तर तसा माल न पाठवणे हे आयातीच्या अटीचे पालन आहे आणि त्याला मुभा आहे. पण ही सूचना आल्याचे कळवावे लागते. पाठवलेल्या मालाविषयी नकारार्थी प्रमाणपत्र मात्र तरीही देता येत नाही. 'कंत्राटदाराने देशाच्या सर्व कायद्यांचे पालन करावे' ही सर्वसाधारण अट चालते आणि कळवावी लागत नाही. तिच्यापुढे 'इस्रायलवरील बहिष्काराच्या कायद्यांसह' एवढे जोडले गेले, की ती मान्य करता येत नाही आणि कळवावी लागते. ग्राहकाने स्वतः, एकतर्फी, नाव घेऊन विशिष्ट वाहतूकदार, विमा कंपनी किंवा पुरवठादार निवडला, तर त्या निवडीचे पालन काही अटींवर करता येते. निवड खरोखर ग्राहकाची असावी लागते. 'काळ्या यादीत नसलेल्यांपैकी तुम्हीच निवडा' ही निवड नव्हे. मुभांचा अर्थ संकुचितच लावला जातो, म्हणून मनात शंका असेल, तर मुभा नाही असे धरून चालावे.

दोन गोष्टींना मात्र कोणतीही फट नाही. पहिली म्हणजे वंश, धर्म, लिंग किंवा राष्ट्रीय मूळ यांच्या आधारे भेदभाव करणे किंवा त्याविषयी माहिती पुरवणे. साइटवर जाणाऱ्या अभियंत्यांचा धर्म विचारणारा तक्ता आला, तर कंपनीने तो भरू नये. व्हिसाच्या अर्जात अभियंता स्वतःविषयी आणि आपल्या कुटुंबाविषयी माहिती देऊ शकतो. ती माहिती त्याच्या वतीने कंपनीने देणे मात्र चालत नाही. दुसरी गोष्ट इस्रायलशी किंवा काळ्या यादीतील कंपन्यांशी असलेल्या व्यावसायिक संबंधांची माहिती. 'तुमची इस्रायलमध्ये शाखा आहे का?' या प्रश्नाला कोणी सरळ मनाने 'नाही, आमचा तेथे काहीच व्यवसाय नाही' असे ईमेलने लिहिले आणि ते शब्दशः खरे असले, तरी ते उत्तर देणे हेच उल्लंघन ठरते. माहिती कंपनीच्या वार्षिक अहवालात सर्वांना वाचायला मिळत असली, तरी बहिष्काराच्या विनंतीला उत्तर म्हणून ती देता येत नाही. विक्री विभागातील लोकांना हे एक वाक्य पुन्हा पुन्हा सांगावे लागते, कारण ग्राहकाच्या प्रश्नाला चटकन आणि खरे उत्तर देणे हीच त्यांची सवय असते.

उत्तर लिहिणे

मान्य न करता येणारी अट आढळली, की काम तेथेच थांबवावे आणि लेखी उत्तर द्यावे. 'अमेरिकी कायद्यानुसार आम्हाला आपल्या ऑर्डरमधील अमुक क्रमांकाची अट मान्य करता येत नाही. ती वगळून सुधारित ऑर्डर पाठवावी. मालाच्या मूळ देशाचा होकारार्थी दाखला आम्ही देऊ' एवढे पुरते. समजूत घालण्यासाठी 'तसाही आमचा माल इस्रायलचा नाहीच' असे जोडू नये. त्या एका वाक्याने आधीच्या नकाराचा उपयोग संपतो. अट गुपचूप सोडून देऊन माल पाठवणे हाही मार्ग नाही, कारण संमती वागण्यातूनही दिल्याचे धरले जाऊ शकते. एलसीत अट असेल, तर दुरुस्ती मागावी. अमेरिकी बँकेला मनाई असलेल्या अटीसह एलसीवर पैसे देता येत नाहीत, त्यामुळे दुरुस्ती न झाल्यास माल बंदरावर आणि पैसे अडकलेले अशी स्थिती येते. बहुतेक ग्राहक दुरुस्ती करून देतात, कारण या नियमांचा त्यांना अनेक वर्षांचा परिचय आहे.

कळवणे

अट काढून टाकली गेली, ऑर्डर रद्द झाली किंवा ती आपणच नाकारली, तरी कळवण्याचे बंधन राहते. मुदत मोजण्याची रीत सोपी आहे. विनंती अमेरिकेत मिळाली असेल, तर ज्या तिमाहीत ती मिळाली त्या तिमाहीनंतरच्या पहिल्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत कळवावे. अमेरिकेबाहेर मिळाली असेल, तर दुसऱ्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत. ह्यूस्टनला १२ फेब्रुवारीला एलसी आली, तर मुदत ३० एप्रिल. तीच परदेशातील उपकंपनीला आली, तर ३१ मे. एका व्यवहारासाठी बीआयएस-६२१पी हा अर्ज आणि अनेक व्यवहारांसाठी बीआयएस-६०५१पी हा अर्ज आहे. एकाच व्यवहारात तीच विनंती ऑर्डरमध्ये, करारात आणि एलसीत अशी पुन्हा पुन्हा आली, तर ती एकदाच कळवावी लागते. वेगळी विनंती मात्र वेगळी कळवावी. निर्यातदार, बँक आणि फॉरवर्डर यांना एकच अट मिळाली असेल, तर ते बंधन प्रत्येकावर येते. एकाने दुसऱ्याच्या वतीने कळवता येते, पण न कळवल्याची जबाबदारी मूळ पक्षावरच राहते. जुलै २०२३ पासून विनंती कोणी केली, त्या पक्षाची ओळख अर्जात द्यावी लागते. हे अहवाल जनतेला पाहण्यासाठी खुले असतात, म्हणून मालाचे प्रमाण, वर्णन आणि मूल्य यांसारखा गोपनीय तपशील झाकण्याची सोय अर्जात आहे, ती वापरावी.

कर विभागाकडील अर्ज हे वेगळे काम आहे. १९७६ च्या कर सुधारणा कायद्यातील तरतुदीनुसार बहिष्कार घालणाऱ्या देशांत किंवा त्यांच्याशी व्यवसाय असलेल्या करदात्याला विवरणपत्रासोबत फॉर्म ५७१३ भरावा लागतो, मग विनंती आलेली असो वा नसो. आणि बहिष्कारात सहभागी होण्याचे मान्य केले, तर परदेशी कराच्या वजावटीसारखे काही लाभ गमवावे लागू शकतात. वाणिज्य खात्याला पाठवलेला अहवाल हा त्याचा पर्याय नाही. वर्षाअखेरीस लेखापालाने विचारेपर्यंत थांबण्याऐवजी दोन्हींची एकच नोंदवही ठेवणे सोयीचे जाते.

चूक झाली असेल तर

जुन्या फायलीत न कळवलेली विनंती सापडली, तर ती मागल्या तारखेने घुसवण्याचा विचारही करू नये. बहिष्कारविरोधी अनुपालन कार्यालयाला अन्य मार्गाने कळण्यापूर्वी आपण स्वतः लेखी कळवले, तर दंड ठरवताना ती मोठी जमेची बाजू धरली जाते. प्रशासकीय दंडाची मूळ मर्यादा प्रत्येक उल्लंघनाला ३ लाख डॉलर किंवा व्यवहाराच्या मूल्याच्या दुप्पट, यांतील जी मोठी असेल ती आहे, आणि पहिली रक्कम महागाईनुसार दरवर्षी वाढते. हेतुपुरस्सर उल्लंघनासाठी १० लाख डॉलरपर्यंत दंड आणि २० वर्षांपर्यंत कैद अशी तरतूद आहे. १९९३ मध्ये बॅक्स्टर इंटरनॅशनल या औषध व वैद्यकीय साहित्याच्या कंपनीने काळ्या यादीतून नाव काढून घेण्यासाठी केलेल्या खटपटीच्या प्रकरणात गुन्हा कबूल केला आणि तिला ६० लाख डॉलरहून अधिक रक्कम भरावी लागली. ऑक्टोबर २०२२ पासून कार्यालयाने दंड वाढवले आणि तडजोड करताना चूक मान्य करण्याची अटही घातली.

कागद पाच वर्षे जपावे लागतात. फायलीत मूळ विनंती, आपले उत्तर, ग्राहकाची दुरुस्ती, कळवल्याची पोच आणि हा निर्णय कोणी, कोणत्या तारखेला, कोणत्या कलमाच्या आधारे घेतला याची दोन ओळींची टीप असावी. 'कळवावी लागत नाही' असा निष्कर्ष काढलेल्या अटींचीही टीप ठेवावी. पुढे विचारणा होते ती मुख्यतः अशाच अटींविषयी, आणि तोवर निर्णय घेणारा माणूस बहुधा दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो.